भास्कराचार्यांचे खरे श्रेय कोणते?

१/ ‘न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षण शोधले’ असे खानदेशात अभिमानाने सांगितले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे.

२/ ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा स्पष्ट उल्लेख आहे. अंतर वाढले की ती शक्ती किती घटते, याचा नियम मात्र तेथे नाही.

३/ त्या नियमावाचून दूरच्या वस्तूचा पतनकाल काढता येत नाही. चंद्र कक्षेत थबकला, तर पृथ्वीवर कोसळण्यास त्याला सुमारे ४.८ दिवस लागतील. वाटेत ओढ सतत वाढत जाते. म्हणून या उत्तरासाठी न्यूटनचा १६८७ चा व्यस्त-वर्ग नियम लागतो.

४/ मात्र क्षणोक्षणी बदलणारी गती मोजावी कशी, हा प्रश्न भास्कराचार्यांनी ग्रहांच्या संदर्भात हाताळला आणि ‘तात्कालिक गती’ मांडली. कलनशास्त्राच्या दिशेचे हे पाऊल, हेच त्यांचे खरे श्रेय.

५/ चाळीसगावजवळील पाटणच्या शिलालेखानुसार नातू चांगदेव याने १२०७ च्या सुमारास आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. आजोबांचा गौरव त्याने त्यांचे गणित शिकवून केला. खानदेशाने तोच वारसा चालवावा.