ताशा कोण वाजवणार?

ऑफिसात एखाद्या टीममधले चार सीनियर एकाच महिन्यात पेपर टाकतात तेव्हा काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. एचआर 'अ‍ॅट्रिशन'चा तक्ता भरतं, बॉस 'फ्रेश टॅलेंट'बद्दल लेक्चर देतो आणि उरलेली पब्लिक रात्री साडेनऊपर्यंत बसून गेलेल्यांची कामं शिकते. आता यातून पगार, नोटीस पिरियड आणि हँडओव्हर वजा करा. उरलं ते ठाकुर्लीतलं एक ढोल-ताशा पथक. सीझन अर्थातच गणपतीचा.

पथकाचं नाव मुद्दाम देत नाही. भांडण अजून ताजं आहे आणि दोन्हीकडची पोरं एकाच टपरीवर चहा पितात. गेल्या विसर्जनानंतर पथक फुटलं. कारणं नेहमीचीच. सुपारीचा हिशेब कुणी ठेवायचा, फोटोत पुढे कोण, आणि 'आम्ही सुरुवातीपासून आहोत' विरुद्ध 'मग आम्ही काय पाहुणे आहोत का?'. सीनियर मंडळी उठली आणि त्यांनी आपलं वेगळं पथक काढलं. ढोल वर्गणीतून घेतलेले, त्यामुळे ते इथेच राहिले. चाळीस ढोल ताडपत्रीखाली आहेत. पण सात ताशेवाल्यांपैकी पाच जण गेले.

बाहेरच्याला वाटतं, ढोल राहिले म्हणजे पथक राहिलं. तिथेच गंमत आहे. ढोल शिकायला वेळ लागतो, पण फार नाही. कमरेला ढोल बांधायचा, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. पहिल्या आठवड्यात कंबर धरते, दुसऱ्या आठवड्यात बोटं सोलवटतात, मग चिकटपट्टी गुंडाळून माणूस तयार होतो. मन लावून सराव केला तर दोन-अडीच महिन्यांत नवा वादक मिरवणुकीत उभा राहू शकतो. ताशाचं तसं नाही. दोन बारीक काड्या, गळ्यात अडकवलेलं ते छोटंसं वाद्य, आणि पथकाचा अख्खा मेंदू तिथे. ताल कधी बदलायचा, वेग कधी चढवायचा, थांबायचं कुठे, हे ताशा सांगतो आणि ढोल ऐकतात. ताशाची ती सलग तर्री मनगटातून येते, आणि मनगट तयार व्हायला काही वर्षं जातात. त्यात पथकात होतं काय, की चार ताशेवाले छान वाजवत असले की पाचव्याला कुणी शिकवत नाही. मिरवणूक दणक्यात चाललेली असते, कुणाला पडलीय? मग एक दिवस ते चार जण जातात आणि मागे चाळीस ढोल आज्ञेची वाट बघत उभे राहतात.

हे एकट्या ठाकुर्लीचं दुखणं नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, नूमवि अशा शाळांच्या पथकांनी या वादनाला शिस्त लावली. शाळेच्या पथकाला एक मोठी सोय असते, दरवर्षी खालच्या वर्गातून नवी मुलं आपोआप वर येतात. आपल्याकडे, लोकलवर जगणाऱ्या गावांत, पथक म्हणजे ऑफिस सांभाळून केलेला उद्योग. डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानने १९९९ साली गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली, आणि फडके रोडवर पाडव्याला नऊवारी, फेटे, बुलेट आणि ढोल यांचं समीकरण जमून गेलं. ठाकुर्लीच्या पोरांचं खरं स्टेज तेच. गणपती हा कमाईचा सीझन. पाडवा मात्र इज्जतीचा.

त्या स्टेजचा पडदा दोन वर्षं पडलेला होता, तेही आठवत असेल. २०२० चा पाडवा २५ मार्चला आला, देशभरच्या लॉकडाऊनचा तोच पहिला दिवस. पुढच्या वर्षीही गुढ्या घरातच उभ्या राहिल्या. राज्यातले निर्बंध पूर्ण उठले ते थेट २ एप्रिल २०२२ ला, आणि त्या दिवशीही पाडवाच होता! या पथकातल्या जुन्या लोकांना विचारलं तर ते म्हणतात, फुटीची सुरुवात खरं तर तिथेच झाली. त्या दोन वर्षांत कुणाचं लग्न झालं, कुणी बेंगळुरू गाठलं, कुणाला नाइट शिफ्ट लागली. परत आले ते ज्यांना वाजवायचंच होतं ते, आणि शिकवायला वेळ असणारे मात्र कमी झाले.

अमेरिकेत आपल्या पथकांचा एक लांबचा भाऊ आहे, ड्रम कोअर. पितळी वाद्यं आणि ड्रम घेऊन मैदानावर कवायत करत वाजवायचं, उन्हाळाभर गावोगाव स्पर्धा खेळायच्या आणि ऑगस्टमध्ये फायनल. तिथे वयाची मर्यादा २१ वर्षं. त्यापुढे गेलात की टाळ्या, मिठ्या आणि बाय-बाय. क्रूर वाटतं ना? मला तर ते फार शहाणपणाचं वाटतं. कोण कधी जाणार हे आधीच माहीत असतं, त्यामुळे त्याच्या जागी उभं राहणारा आधीपासून तयार करावा लागतो. आपल्याकडे वयाची अट नाही, पण लोक जातात तेवढेच. मुलगी असेल तर लग्नानंतर, मुलगा असेल तर ऑनसाइट मिळाल्यावर. फक्त ते कुणी कागदावर लिहीत नाही.

असो. सध्याचा कॅप्टन ऐरोलीला आयटीत आहे. ठाण्याला गाडी बदलायची, त्यात ठाकुर्लीला फास्ट लोकल थांबत नाही, म्हणजे स्लो पकडून घरी यायला आठ. सराव रात्री आठ ते साडेनऊ, कारण दहानंतर वाजवायचं नाही आणि साडेनऊलाच आजूबाजूच्या टॉवरमधल्या खिडक्या उघडायला लागतात. नव्वद फुटी रोडच्या बाजूला पूर्वी मोकळी जागा होती, तिथे आता बिल्डिंगा आहेत. बिल्डिंगवाल्यांची चूक नाही हो. कुणाचं बाळ झोपलेलं असतं, कुणाची बारावी. पण दीड तासात चाळीस नव्या पोरांना काय शिकवणार? म्हणून या पथकाने एक काम बरं केलंय. आठवड्याचे तीन दिवस ढोल बाहेर काढायचेच नाहीत. सगळे गोल करून बसतात, मांडीवर हाताने ठेका धरतात आणि तोंडाने बोल म्हणतात. लांबून बघितलं तर भजनी मंडळ वाटतं. नव्या पोरांना हे जाम बोअर होतं. त्यांना रील करायचं असतं. त्यातली काही गळलीही.

खरा पेच पडला तो सुपारीवरून. कल्याणच्या एका मंडळाने आगमनाच्या मिरवणुकीला बोलावलं. अट एकच : पन्नास ढोल दिसले पाहिजेत. 'दिसले' हा शब्द बरोबर ऐकलात. चाळीस ढोल घरचे, दहा भाड्याने. माणसं? नीट वाजवणारे वीस. उरलेल्या तीस जणांना कुर्ते घालून उभं करायचं, टिपरू हवेत हलवायचं, ढोल जेमतेम हात लावून सोडायचा. अशी डमी पब्लिक सर्रास उभी केली जाते, आणि गर्दीत कळत नाही. पैसे चांगले होते. फुटीनंतर पथकाच्या खात्यात जवळपास खडखडाट आहे आणि कित्येक ढोलांची पानं बदलायची आहेत.

मीटिंग चालली दोन तास. मला मजा वाटली ती एका दादाच्या बोलण्याची. २०२४ मध्ये हरित लवादाने पुण्याच्या विसर्जनासाठी एका पथकात तीसच माणसं असा आदेश दिला होता आणि सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. तो म्हणाला, "पुण्याची पथकं तीसच्या वर जायला कोर्टात गेली, आपण वीसवर आहोत ते निमूटपणे वाजवू." शेवटी मंडळाला कळवलं, वीस ढोल आणि तीन ताशे, घ्यायचं तर घ्या. मंडळाने मानधन निम्म्यावर आणलं, मिरवणूक दुसऱ्याला दिली आणि यांना मंडपासमोर वीस मिनिटांचं स्थिर वादन दिलं. ते यांनी घेतलं. माझ्या मते बरोबर केलं. तीस खोट्या हातांची सवय लागली की खरे वीसही ढिले पडतात.

स्पर्धेचं मात्र पटलं नाही. गणपतीआधी डोंबिवलीत होणाऱ्या स्पर्धेत जायचं की नाही, यावर हात वर करून मतदान झालं. नऊ जण जाऊया म्हणाले, अकरा नको. कारण उघड आहे, समोर तेच सीनियर असणार. हरलो तर टपरीवर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. मला वाटतं, जायला हवं होतं. परीक्षक ताल बघतात, एकत्र थांबणं बघतात, आणि आपण नक्की कुठे सुटतो हे तटस्थ माणसाकडून वर्षातून एकदा ऐकायला मिळतं. यूट्यूबवरच्या 'जय शिवराय भावा' कमेंटमधून ते कळत नाही.

आणि तिसरा ताशा? तो एका मुलीकडे आहे. सीएची आर्टिकलशिप करते, ऑडिट सीझनला रात्री दहाला घरी येते. दोन वर्षं ढोलाच्या शेवटच्या रांगेत होती. फूट पडल्यावर तिने कुणाला न विचारता ताशा उचलला, कारण विचारायला कुणी उरलंच नव्हतं. आई म्हणते, काड्यांचा आवाज ऐकून ऐकून शेजारच्या काकूंचंही मनगट तयार झालं असेल. तिची तर्री पहिली चार मिनिटं झकास जाते, मग उजवा हात जड होतो आणि वेग हळूच उतरतो. वीस ढोल तिच्याबरोबर उतरतात, एकही पुढे पळत नाही. कॅप्टनला सध्या याचंच सगळ्यात जास्त समाधान आहे.

रविवारी सकाळी सराव आहे, ढोलांसकट. ढोलाची यादी भरली. ताशाला अजून दोघं हवेत.