पाणी काढायचे कोणाच्या रानातून?

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ४९ शेतकऱ्याच्या मोठ्या कामाचे आहे. हक्काचे पाणी शेतीला आणायचे, पण मध्ये शेजाऱ्याचे रान आहे आणि तो वाट देत नाही. अशा वेळी तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. तहसीलदार चौकशी करून त्या रानातून पाट काढायला किंवा पाइप पुरायला परवानगी देऊ शकतो. शेजाऱ्याला भरपाई मिळते. पाइप निदान अर्धा मीटर खोल असावा, इथपर्यंत बारकावा या कलमात आहे.

आता शिरोळ तालुक्यातला, कृष्णा-पंचगंगेच्या पूरपट्ट्यातला शेतकरी घ्या. त्याला पाणी आणायचे नाही, काढायचे आहे. त्याच्याविषयी हे कलम गप्प आहे.

त्याचे रान खोल काळ्या चिकण मातीचे. उतार जवळजवळ नाहीच. २०१९ आणि २०२१ चे महापूर दिवसांत ओसरले, पण मातीत मुरलेले पाणी महिनोन्‌महिने हलत नाही. वाफसा येत नाही. त्यात उसाला बारमाही मोकाट पाणी, आणि वरच्या अंगाच्या रानांतला पाझरही इथेच उतरतो. भूजल मुळांपर्यंत चढते आणि येताना क्षार घेऊन येते. उन्हाळ्यात सरीवर पांढरा थर दिसू लागला, की ऊस विरळ होत जातो. शेवटी रान पड पडते.

यावर इलाज आहे. मीटर-सव्वा मीटर खोल, वीस ते तीस मीटर अंतरावर सच्छिद्र पाइप टाकायचे, ते एका मोठ्या पाइपला जोडायचे आणि त्याचे तोंड ओढ्यात सोडायचे. चोपण जमिनीत जिप्सम घाला म्हणून सल्ला मिळतो, तोही या तोंडावरच अवलंबून आहे. जिप्समने मातीचा सोडियम सुटतो, पण सुटलेला सोडियम धुऊन बाहेर गेला तरच उपयोग. बाहेर जायला वाट नसेल तर तो त्याच रानात राहतो आणि जिप्समचा खर्च वाया जातो.

अडते ते इथेच. ओढा दोन बांध पलीकडे असतो. मधला एक खातेदार नाही म्हणाला, की आतल्या सगळ्या पाइपांची किंमत शून्य. शिरोळ भागात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र आले आणि क्षारपड रानांत पुन्हा पीक उभे राहिले, हे खरे. पण ते संमतीने झाले. जिथे संमती नाही, तिथल्या शेतकऱ्याने काय करायचे?

१९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याकडे बोट दाखवले जाईल. तो पृष्ठभागावरून नैसर्गिकपणे वाहणाऱ्या पाण्यातला अडथळा काढायला लावतो. मीटरभर खाली साचलेले पाणी वाहतच नाही, हाच तर रोग आहे. आणि दुसऱ्याच्या रानात पाइप टाकण्याचा हक्क त्या कायद्याने मिळत नाही.

हे दुखणे कोणाला ठाऊक नव्हते, असेही नाही. नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर मॅन आणि तम्हाणे यांची पुस्तिका १९१० ची आहे. संहिता झाली १९६६ ला. नीरेच्या जमिनींविषयी लिहिले गेल्यावर ५६ वर्षांनी झालेल्या कायद्यात पाणी आत आणायची सोय आली, बाहेर काढायची राहून गेली.

ती आता करावी. कलम ४९ निचऱ्याच्या पाइपलाही लागू करावे. खालच्या शेजाऱ्याची भीती रास्त आहे: वरच्याचे खारे पाणी माझ्या मातीत का? म्हणून त्याच्या रानातला पाइप बिनछिद्राचा असावा, अर्ध्या मीटरऐवजी निचऱ्याला लागेल तितका खोल असावा, आणि त्याचे तोंड थेट सरकारी ओढ्यातच उघडावे, ही अट कलमातच घालावी. भरपाईची पद्धत तयार आहे. अर्ज घेणारा तहसीलदारही तोच राहील.