बाबराची बाग

बाबर म्हटला की आपल्याला पानिपत आठवते. पण हा लढवय्या हाडाचा बागाईतदारही होता. जलालाबादकडच्या आपल्या एका बागेत त्याने ऊस लावला, लाहोर जिंकल्यावर केळी नेऊन लावली, आणि दोन्ही चांगली आली असे स्वतःच लिहून ठेवले. १५३० साली तो आग्र्यास वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे पुढे त्याला काबूलच्या बागेत नेऊन पुरले.

ही काबूलची बाग २५ एकरांहून थोडी मोठी आहे. आपण डोंगरउतारावर ताली घालतो ना, तशा तिच्या पायऱ्या. मधून पाण्याचा पाट. १९९२ नंतर तिथल्या टोळ्या आपसांत लढू लागल्या आणि बाग मध्ये सापडली. पाणी बंद झाले. झाडे वाळली, तोडली गेली. जमिनीत सुरुंग राहिले.

२००२ नंतर आगाखान सांस्कृतिक न्यासाने ती सावरायला घेतली. आधी सुरुंग काढले. मग उकरून जुना पाट कुठून जात होता ते शोधले आणि पाणी पुन्हा खेळवले. भोवतीची भिंत सिमेंटची नाही घातली. आपल्या गढीसारखी, मातीचे थरावर थर देऊन उभी केली. झाडेही मुलखाचीच: तुती, अक्रोड, जर्दाळू, चिनार. मजुरी आसपासच्या वस्तीतल्या माणसांना मिळाली. ज्याने भिंतीची माती तुडवली, तो ती भिंत सहसा पाडू देत नाही! २००८ साली बागेची देखभाल करायला वेगळे विश्वस्त मंडळ नेमले. शुक्रवारी घरेच्या घरे चहाची किटली घेऊन तिथे येऊन बसू लागली.

इथवर गोष्ट गोड आहे. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये तालिबान सरकारने काबूलच्या बागांत बायकांना यायला बंदी घातली. झाडे तीच, पाणी तेच. पण ज्या माउलीने पोरांना घेऊन सावलीला बसावे, तिलाच दार बंद. मग अशी बाग गावाची म्हणायची तरी कशी?

आता आपल्याकडे बघा. एखाद्या गावात जुनी आमराई असते, बारव असते, शाळेमागची पडीक जागा असते. ती नीट करायचे ठरले की आपण आधी कमानीचा आणि पाटीचा विचार करतो. तसे करू नका. आधी पाणी कुठून येईल ते बघा. गावच्या हातांना काम द्या. पाच वर्षांनी झाडांना पाणी कोण घालणार ते आजच ठरवा. आणि बैठक भरेल तेव्हा घरातल्या बायकांना विचारा, "तुम्ही तिथे संध्याकाळी निवांत बसाल का?" त्या "नाही" म्हणाल्या, तर काम अजून पुरे झालेले नाही असे समजा.