विश्लेषण : गॅस गीझर बंद न्हाणीघरात जीवघेणा का ठरतो?

मुंबईतली थंडी जेमतेम दोन महिन्यांची. पण तेवढ्या काळात अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर पट्ट्यातल्या घरांमध्ये गरम पाण्याची मागणी वाढते, न्हाणीघराच्या खिडकीच्या काचा लावल्या जातात आणि दरवर्षी एखादी तरी बातमी येते : अंघोळीला गेलेली व्यक्ती बाहेर आलीच नाही. अशा बातम्यांमध्ये बहुतेक वेळा ‘गॅसगळती’ हा शब्द असतो. तो दिशाभूल करणारा आहे आणि त्यामुळेच पुढचे अपघात टळत नाहीत.

उपनगरांत आजवर काय घडले?

जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीतील १५ वर्षांची एक मुलगी अंघोळीला गेली आणि न्हाणीघरातच बेशुद्ध पडली. काही दिवस रुग्णालयात उपचार घेतल्यानंतर तिचा मृत्यू झाला. न्हाणीघरात गॅस गीझर होता. मार्च २०२३ मध्ये धुळवड खेळून आलेले घाटकोपर पूर्वेतील एक दाम्पत्य दुसऱ्या दिवशी, ८ मार्चला, न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले. तिथेही पोलिसांचा प्राथमिक संशय गॅस गीझरवर होता. त्याच सुमारास गाझियाबाद जिल्ह्यातील मुरादनगरमध्ये होळी खेळून अंघोळीला गेलेल्या दुसऱ्या एका दाम्पत्याचा अशाच रीतीने मृत्यू झाला. रंग काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, गरम पाणी जास्त वेळ चालू राहते. होळीचा या घटनांशी संबंध असला तर तो एवढाच.

हे सारे निम्न उत्पन्न गटातले किंवा झोपडपट्टीतले अपघात आहेत, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. पक्क्या इमारती, टाइल्स लावलेली न्हाणीघरे, नीट बसणारी दारे आणि सरकत्या काचांच्या खिडक्या ही या अपघातांची नेहमीची जागा. फटी असलेले जुने लाकडी दार या बाबतीत अधिक सुरक्षित.

ही गॅसगळती नसते, मग काय असते?

सिलिंडरमधील गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळलेले असते. त्यामुळे गॅस गळला तर नाकाला कळते. गीझरच्या अपघातात गॅस गळत नाही, तो जळतो. पण अर्धवट जळतो. पुरेशी हवा मिळाली तर त्याचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही.

रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. म्हणजे हवेत तो थोडा असला तरी रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे १,६०० भाग झाले तर साधारण वीस मिनिटांत डोके दुखू लागते, गरगरते, मळमळते आणि एक-दोन तासांत मृत्यू येऊ शकतो. हेच प्रमाण १२,८०० पर्यंत गेले तर अवघ्या एक ते तीन मिनिटांत. दाराची कडी काढण्याइतके भान आणि हातापायांत बळ राहत नाही. म्हणूनच ‘त्रास व्हायला लागला तर बाहेर येऊ’ हा हिशेब इथे चालत नाही.

पंधरा मिनिटांत किती हवा लागते?

मिनिटाला सहा लिटर पाणी सुमारे २५ अंशांनी तापवणारा गीझर पंधरा मिनिटांत साधारण पाव किलो गॅस जाळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे पाव किलोला जवळपास चार किलो. आकारमानात तीन हजार लिटरहून अधिक. आता मुंबईतले नेहमीचे न्हाणीघर घ्या : चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. त्यात मावणारी एकूण हवा साधारण ५,४०० लिटर. यात माणसाच्या श्वासाचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

अर्धी हवा संपेपर्यंतही थांबावे लागत नाही. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो १८ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत बिघडू लागते. पूर्ण बंद खोलीत चार-पाच मिनिटांत ही वेळ येऊ शकते. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून थोडी हवा येत राहते, म्हणून बहुतेक अंघोळी निर्विघ्न पार पडतात. पण ‘आमच्याकडे दहा वर्षे काही झाले नाही’ यात सुरक्षिततेचा पुरावा नसून त्या फटीचे उपकार असतात. दाराला नवी रबरी पट्टी बसवली, कबुतरांसाठी खिडकीला काच लावली, तर जुना गीझर एका दिवसात धोकादायक होतो. त्यात काहीही बिघडलेले नसते.

एकामागून एक अंघोळी होणाऱ्या घरात आणखी एक गोष्ट घडते. पहिल्याच्या वेळी साठलेला वायू दुसऱ्याच्या वाट्याला येतो, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. शाळा-ऑफिसची घाई आणि पालिकेचे ठरावीक वेळेचे पाणी, यामुळे मधे दार उघडे ठेवायला कोणाला फुरसत नसते. काही गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. पण नळ बंद करून पुन्हा सोडला की ही मोजणी नव्याने सुरू होते.

पूर्वी बंबातले किंवा चुलीवरचे पाणी बादलीत काढून न्हाणीत नेत. आग एकीकडे, माणूस दुसरीकडे. गॅस गीझर आणि शॉवर यांनी दोघांना एका कडीच्या आत आणले.

बाल्कनीत बसवला की प्रश्न मिटला?

खरोखर उघड्या बाल्कनीत बसवला तर बऱ्याच अंशी मिटतो. पण उपनगरांतल्या ‘ड्राय बाल्कनी’ किती उघड्या उरल्या आहेत, हे कोणत्याही सोसायटीकडे खालून वर पाहिले की दिसते. ग्रिल, त्यावर सरकत्या काचा, आत वॉशिंग मशीन आणि माळ्यावरचे सामान. अशी बाल्कनी म्हणजे स्वयंपाकघराला जोडलेली आणखी एक बंद खोली. न्हाणीघराबाहेर बसवलेला गीझर तिथे ज्वलनाचा वायू थेट घरात सोडतो.

दुसरी सोय म्हणजे डक्ट. इमारतीच्या मधल्या अरुंद चौकोनी पोकळीत न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात आणि अनेक जण गीझरचा धूर तिथे सोडतात. हा उष्ण वायू वर चढतो आणि वरच्या मजल्यांवरच्या उघड्या खिडक्या त्याच डक्टमध्ये असतात. चौथ्या मजल्यावरच्या गीझरचा त्रास सहाव्या मजल्यावर, जिथे गीझर विजेचा आहे तिथे होऊ शकतो. डक्टला वरून पत्रा टाकलेला असेल तर अधिकच.

एक्झॉस्ट फॅनवरही अनेकांची भिस्त असते. हवा आत यायला जागा असेल तरच तो उपयोगी. दार घट्ट आणि गीझरला धुराचा पाइप असेल तर जोरदार पंखा त्या पाइपमधूनच हवा आत ओढतो, म्हणजे बाहेर जाणारा वायू परत खोलीत येतो.

यंत्राची देखभाल कशी करावी?

जागा योग्य असली तरी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, जाणकार माणसाकडून गीझर उघडून साफ करून घ्यायला हवा. बर्नरच्या छिद्रांत धूळ आणि कोळ्यांची जाळी अडकतात, पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या पात्यांवर काजळी बसते. दोन्हींमुळे हवेची वाट अडते. ज्योत निळी आणि स्थिर हवी. ती पिवळी, लांब, लवलवती दिसली, कव्हरवर किंवा भिंतीवर काळे डाग पडले, तर त्या दिवसापासून गीझर बंद. बोअरवेलचे जड पाणी असलेल्या इमारतींत नळीत क्षार साठून पाण्याची धार बारीक होते, तीही तपासावी.

उपनगरांत सिलिंडरवरून पाइप गॅसवर येणाऱ्या घरांसाठी एक वेगळी सूचना आहे. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, पाइप गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. दोन्हींचा दाब आणि लागणारी हवा वेगळी, त्यामुळे बर्नरचे जेट वेगळे. शेगडीचे जेट बदलले जातात, गीझर मात्र विसरला जातो, किंवा प्लंबर ‘चालतंय की’ म्हणून तसाच जोडतो. पाइप गॅससाठीचा गीझर सिलिंडरवर जोडला तर ज्योतीला गरजेपेक्षा जास्त गॅस मिळतो आणि काजळीबरोबर कार्बन मोनॉक्साइडही वाढतो.

आयएसआय चिन्ह पाहून गीझर घ्यावाच. एलपीजीवरच्या छोट्या घरगुती गीझरसाठी ‘आयएस १५५५८’ हे मानक आहे. प्राणवायू कमी होताच गॅस तोडणारा सेन्सर असलेले यंत्र अधिक चांगले. पण चिन्ह यंत्राला मिळते, ते बसवलेल्या खोलीला नाही.

वीज परवडत नाही, हे कितपत खरे?

वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला साधारण ०.४ युनिट वीज लागते; टाकीत वाया जाणारी उष्णता धरून ०.४५. विजेचा दर नऊ रुपये धरला तर बादलीमागे चार रुपये. तेच पाणी गॅसवर तापवायला सुमारे ४० ग्रॅम एलपीजी लागतो. १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर अडीच रुपये. फरक बादलीमागे दीड रुपयाचा. चौघांच्या घरात रोज प्रत्येकी एक बादली, तर महिन्याला सुमारे १८० रुपये. रक्कम छोटी नाही, पण बहुतेक जण समजतात तेवढी मोठीही नाही. जुन्या इमारतींमध्ये दोन-तीन किलोवॉटचा भार पेलणारे वायरिंग नसते, हा विजेबाबतचा खरा अडथळा आहे. अर्थिंग आणि गळतीला वीज तोडणारा ब्रेकर नसेल तर विजेचा गीझरही जीव घेतो.

जबाबदारी नेमकी कोणाची?

ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार खोलीतली हवा वापरणारे गॅस उपकरण न्हाणीघरात बसवताच येत नाही. हवा बाहेरून घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे, खोलीपासून सीलबंद असलेलेच यंत्र चालते. घरमालकाला भाडेकरूच्या घरातील गॅस उपकरणे दर १२ महिन्यांनी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी लागतात. युरोप-अमेरिकेत काही घरांत लाकडी भुशाच्या गोळ्यांवर चालणारे हीटर असतात. तिथेही धूर पाइपने बाहेर काढणे आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणे हा सुरक्षेचा पहिला धडा असतो.

मुंबईत ही साखळी तुटक आहे. दुकानदार यंत्र विकतो, प्लंबर मालक सांगेल तिथे ठोकतो. गॅस वितरकाच्या तपासणीत भर असतो तो नळी, रेग्युलेटर आणि शेगडीवर. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतींना दर सहा महिन्यांनी ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यावे लागते. ते अग्निशमन यंत्रणेबद्दल असते, न्हाणीघरातल्या हवेबद्दल नाही. मृत्यू झाला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्यांना लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितले, कारण त्यांचा धूर शहराला दिसतो. गीझरचा वायू घरातल्यांनाही दिसत नाही.

उरतात ती सोसायटी आणि भाडेकरार. डक्टमध्ये धूर सोडण्यास मनाई, प्रत्येक घरातल्या गीझरची जागा आणि वार्षिक सफाईची नोंद, डक्टचा पत्रा काढणे. हे सर्वसाधारण सभेत एका ठरावाने होऊ शकते. भाड्याने घर देणाऱ्याने न्हाणीघरातला गॅस गीझर काढून दिला, तर पागडी-डिपॉझिटच्या व्यवहारात तो खर्च नगण्य आहे.

गीझर हलवणे शक्य नसेल तर?

तोवर एकच पद्धत : दार आणि खिडकी उघडी ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, काही मिनिटे थांबायचे आणि मगच आत जायचे. गीझर चालू असताना शॉवर नाही. आतून कडी लावू नये, बाहेर कोणाला तरी सांगून जावे. लहान मुले आणि गर्भवती यांच्यासाठी तर या गीझरचे न्हाणीघर नकोच. पोटातल्या बाळाला या वायूचा त्रास आईपेक्षा अधिक होतो.

कोणी आत पडले असेल तर दार तोडून आधी हवा आत येऊ द्यावी, गॅस बंद करावा, त्या व्यक्तीला ओढून मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा. करोनाकाळापासून घरात असलेल्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेले वाटते, त्यामुळे गंभीर रुग्णाचाही आकडा ९८ दिसू शकतो. डॉक्टरांना ‘अंघोळ करताना पडली’ एवढेच सांगितले तर आकडी किंवा हृदयविकार समजून तपासण्या सुरू होतात. भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांच्या लेखनात ‘गॅस गीझर सिंड्रोम’ हे नाव आले ते अशाच रुग्णांमुळे. म्हणून ‘न्हाणीघरात गॅस गीझर चालू होता’ हे वाक्य पहिले. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर सुमारे दीड तास. शुद्ध आली, गप्पा मारू लागली, म्हणून लगेच घरी आणू नये. विसराळूपणा, चालताना तोल जाणे, स्वभावात बदल अशी लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसतात आणि तेव्हा गीझरची आठवण कोणाला राहिलेली नसते.