दगडफुलाची भावकी

आम्ही बँकेतले कारकून दोनच गोष्टींना भितो. एक इन्स्पेक्शन आणि दुसरी पांढऱ्या शर्टावर सांडलेली आमटी. डागाला साबण लावावा, तर मेला पिवळ्याचा तांबडा होतो! वीस वर्षं मी साबणाला शिव्या दिल्या. परवा मे महिन्यात वेळणेश्वरला घरी गेलो, तेव्हा कळलं की हा रसायनशास्त्राचा प्रयोग होता. आम्ही पडलो बी. कॉम.!

पुतण्या पडवीत हिरमुसून बसला होता. परीक्षेत 'दर्शकाचे एक उदाहरण द्या' ह्या प्रश्नाला ह्यानं 'जास्वंद' लिहिलं आणि पदरात भोपळा पडला. बाईंना 'लिटमस' हवं होतं.

"पण काका, जास्वंदीचा रंग खरंच बदलतो!"

"दाखव," मी म्हटलं. सही ताडून पाहिल्याशिवाय आम्ही चेक पास करीत नाही.

त्यानं देवाच्या परडीतलं लाल फूल पळवलं आणि पाकळ्या कोमट पाण्यात कुस्करल्या. एका वाटीत लिंबू पिळलं, पाणी गुलाबी झालं. दुसरीत खायचा सोडा टाकला, पाणी हिरवट झालं. मग हळदीच्या पाण्यात सोडा घातला, तर ते तांबूस. वर लिंबू पिळलं, तर फसफसून पुन्हा पिवळं!

"माझ्या वाट्या!" आई ओरडली. मग हळूच म्हणाली, "हळदीत चुना कालवला की लाल होतं, हे आम्हांला ठाऊक होतं हो." (चुना मात्र मोठ्यांनीच हाताळावा. डोळ्यांत गेला तर प्रयोग महागात पडतो.)

माझं भांडण आहे ते इथं. पोराला आपण 'हात लावू नकोस' म्हणून स्वैपाकघरातून हाकलतो आणि मग शहरातून शेकडो रुपयांची 'सायन्स किट' आणून देतो! अहो, ते लिटमस तरी कुठून येतं? आपल्या गोड्या मसाल्यात दगडफूल असतं ना, त्याच्याच भावकीतून. रॉबर्ट बॉइलनं 1664 साली रंगांवर पुस्तक लिहिलं, त्यात आम्ल ओळखायला त्यानं व्हायोलेट फुलांचं सरबत वापरलं. त्याला कुणी भोपळा दिल्याचं ऐकिवात नाही.

'लिटमस' हा पाठ केलेला शब्द आहे. 'जास्वंद' हे पोरानं डोळ्यांनी पाहिलेलं उत्तर आहे. पाहिलेल्याला शून्य आणि घोकलेल्याला पैकीच्या पैकी, हा हिशेब कुठल्या खतावणीत बसतो? आमच्याकडे असली नोंद केली तर नोकरी जाईल.

हल्ली आमटी सांडली, की मी साबणाच्या डागावर लिंबू पिळतो. डाग जात नाही. पण पुन्हा पिवळा होतो, तेव्हा बायको कपाळाला हात लावते आणि मी मनातल्या मनात पुतण्याला एक गुण देतो.