पीटीचा तास कोणाचा?

वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचे तास असतात, हे पालकांना माहीत असते. त्या तासाला प्रत्यक्षात काय होते, हे मात्र फार थोडे पालक विचारतात. गणिताचे चार तास झाले नाहीत, तर मुले घरी सांगतात आणि पालक शाळेत येतात. पीटीचा तास वर्षभर झाला नाही तरी कोणी येत नाही. मी गेली अठरा वर्षे उर्दू माध्यमाच्या शाळांत मराठी शिकवते. पीटीची तक्रार घेऊन आलेला एकही पालक मी आजवर पाहिलेला नाही.

या तासाचे साधारण तीन प्रकार होतात. पहिला, पोर्शन राहिलेला शिक्षक तो मागून घेतो. दुसरा, मुलांना एक चेंडू देऊन मैदानात सोडले जाते. मुले क्रिकेट खेळतात आणि मुली भिंतीच्या सावलीत बसून मेहंदीच्या गप्पा मारतात. तिसरा, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधी पंधरा दिवस कवायत आणि संचलन जोरात चालते, आणि झेंडा उतरला की सगळे थांबते. या तिन्हींत शिक्षण कुठे आहे, हा माझा प्रश्न आहे.

हा विषय शाळेच्या मर्जीवर सोडलेला नाही, हे आधी लक्षात घ्यावे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने आरोग्य व शारीरिक शिक्षण हा प्राथमिकपासून माध्यमिकपर्यंत सक्तीचा विषय असावा असे सांगितले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला खेळाचे मैदान आणि खेळाचे साहित्य असले पाहिजे असे लिहिले आहे. सहावी ते आठवीत शंभरपेक्षा जास्त मुले असतील, तर या विषयासाठी अंशकालीन निदेशक असावा, हेही त्याच अनुसूचीत आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर या विषयाची श्रेणी छापून येते. वर्षभर मैदान न पाहिलेल्या मुलांच्या नावापुढेही ती श्रेणी येते. ती कशी येते, हे प्रत्येक शाळेने स्वतःला विचारावे.

पीटी म्हणजे मुलांना मोकळे सोडणे, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. गणितात पहिलीला अंकओळख, पाचवीला अपूर्णांक आणि आठवीला बीजगणित येते. शरीराच्या शिक्षणालाही असाच क्रम असतो, आणि एक पायरी चुकली की पुढची जड जाते.

पहिली-दुसरीच्या मुलाला धावणे, उडी मारणे, फेकणे, झेलणे, एका पायावर तोल सांभाळणे या गोष्टी शिकायच्या असतात. त्या आपोआप येतात असे आपण धरून चालतो. दोन खोल्यांच्या घरात आणि रिक्षांनी भरलेल्या गल्लीत वाढणाऱ्या मुलाला त्या आपोआप येत नाहीत. सहा वर्षांच्या मुलाकडे चेंडू टाकून पाहा. बरीच मुले डोळे मिटून हात पुढे करतात. या वयात लंगडी, दोरीवरच्या उड्या, कापडाच्या चेंडूची झेलाझेली एवढे पुरते. स्पर्धा नको, पहिला-दुसरा क्रमांक नको.

तिसरी ते पाचवीत ही कौशल्ये एकत्र जोडायची असतात, म्हणजे धावता धावता झेलणे किंवा वळून फेकणे. याच वयात मूल नियम शिकते. लगोरी, डॉजबॉल, साखळी यांत आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते, बाद झालो तर बाजूला व्हावे लागते. भाषेची शिक्षिका म्हणून मी सांगते, वर्गात दहा धडे वाचून जे येत नाही ते मुलांना इथे येते. मराठीच्या तासाला तोंड न उघडणारी मुले मैदानावर 'आउट', 'खो', 'माझी पाळी' असे मराठी-उर्दू मिसळून का होईना, पण भांडतात. भाषा अशीही येते.

सहावी ते आठवी हा सर्वांत नाजूक टप्पा. शरीर बदलते, उंची झपाट्याने वाढते, मुलांचा आवाज फुटतो, मुलींची पाळी सुरू होते. खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल असे सांघिक खेळ नीट शिकवण्याचे हेच वय. शासकीय शालेय क्रीडा स्पर्धांचा १४ वर्षांखालील गट इथलाच. आणि आपल्या मुली खेळ सोडतात त्याही इथेच.

नववी-दहावीत मुलांना स्वतःच्या शरीराची काळजी घ्यायला शिकवायचे असते. दम किती लागतो, पाठ का दुखते, रोज किती चालावे, खेळण्याआधी अंग गरम का करावे, हे त्यांना कळले पाहिजे. अकरावी-बारावीला तर हा विषय कागदावरच राहतो. पण शाळा सुटल्यावर पुढची चाळीस वर्षे जे उपयोगी पडणार आहे, ते याच शेवटच्या वर्षांत पक्के होते. मधुमेह आणि रक्तदाब आपल्या मोहल्ल्यातल्या घराघरांत आहेत, वेगळे सांगायला नको.

आता मुलींकडे येते, कारण खरे नुकसान इथे आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. संघटनेच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये जगभरातल्या ११ ते १७ वर्षांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ८१ टक्के मुलांची हालचाल अपुरी निघाली; मुलगे ७८ टक्के आणि मुली ८५ टक्के. जगाचे चित्र असे असेल, तर आपल्या वस्तीत काय असेल याचा अंदाज करा. मुलगा शाळेतून येतो, दप्तर टाकतो आणि गल्लीत क्रिकेट खेळतो. शाळेत पीटी झाली नाही तरी त्याचे पाय चालतात. मुलगी शाळेतून येते, अरबीला जाते, घरी येऊन भांडी घासते आणि अभ्यासाला बसते. तिला गल्ली नाही, मैदान नाही, बागही नाही. तिच्यासाठी पीटीचा तास हा आठवड्यातला एकमेव तास आहे. म्हणून तो तास मागून घेणारा शिक्षक वर्गाचा तास घेतो असे दिसत असले, तरी प्रत्यक्षात तो मुलींचा घेतो.

सातवी-आठवीत आया येऊन सांगतात, "टीचर, लडकी अब बडी हो गई, इसको मत दौडाओ." त्यांच्या बोलण्यात काळजी असते, आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. उघड्यावरचे मैदान, बाहेरून पाहणारी पोरे, धावताना पायात येणारी ओढणी या खऱ्या अडचणी आहेत. पण त्यांना उत्तरे आहेत. पूर्ण बाह्यांचा सैल टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि पिनेने नीट बसवलेला स्कार्फ घालून मुली उत्तम खेळतात. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २०१४ मध्ये आणि बास्केटबॉलच्या संघटनेने २०१७ मध्ये डोके झाकून खेळायला परवानगी दिली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इब्तिहाज मुहम्मद हिने हिजाब घालून तलवारबाजीत अमेरिकेसाठी सांघिक कांस्यपदक मिळवले. आपल्या सीमेला लागून असलेल्या निजामाबादची निखत जरीन २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे मुष्टियुद्धात विश्वविजेती झाली, आणि तिला या खेळाकडे नेले ते तिच्या वडिलांनी.

धर्माचे नाव घेऊन मुलींना बसवणाऱ्यांनी हदीसही वाचावी. प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी धावण्याची शर्यत लावल्याचे अबू दाऊदच्या संग्रहात आले आहे. एकदा आयेशा जिंकल्या, पुढे एकदा प्रेषित जिंकले. शरीराचाही माणसावर हक्क आहे, ही शिकवणही आपल्याला तिथूनच मिळाली आहे.

आणखी एक गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळले. वर्गात बाकावर बसलेल्या मुलीकडे पाहून हे कळत नाही. मैदानाला एक फेरी मारल्यावर जी धापा टाकत खाली बसते, तिच्याकडे पाहून कळते. सरकार शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देते. ती कोणाला खरोखर हवी आहे, हे दाखवणारा तास आपण बंद ठेवतो.

आता नेहमीच्या हरकती. "मैदान नाही." आपल्या कित्येक शाळा दाट वस्तीत आहेत, हे खरे. पण दोरीवरच्या उड्या, रिंग टेनिस, लेझीम, लंगडी आणि तोलाचे खेळ शाळेच्या अंगणात, गच्चीवर किंवा सभागृहात होतात. खो-खोला दोन खांब, थोडी फक्की आणि एक शिट्टी लागते. याच खेळाचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते.

"अभ्यास मागे पडतो." अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१० मध्ये या प्रश्नावरची पन्नास संशोधने एकत्र तपासली. शाळेत हालचालीला वेळ दिल्याने अभ्यासाला फायदा झाला किंवा काहीच फरक पडला नाही, असे बहुतेक ठिकाणी दिसले. तोटा अगदी क्वचित दिसला. दहावीला तास वाचवून गुण वाढतात, हा आपला केवळ समज आहे.

"शारीरिक शिक्षण म्हणजे सूर्यनमस्कार, मग आमच्या मुलांनी काय करायचे?" या एका वादात आपण अख्खा विषय हरवून बसलो आहोत. कोणाला एखाद्या प्रकाराबद्दल श्रद्धेची अडचण असेल तर ती शाळेला शांतपणे सांगता येते. धावणे, उड्या, कबड्डी, लेझीम यांत कोणाची श्रद्धा आड येते? रमजानचेही तसेच. रोजा ठेवणाऱ्या मुलांना त्या महिन्यात धावायला लावू नये. त्यांना गुण मोजायला, पंच व्हायला, हलके ताणाचे व्यायाम करायला द्यावेत. एका महिन्याची सवलत वर्षभराची सुट्टी होता कामा नये.

पालकांना मी एवढेच सांगेन. पुढच्या पालक सभेत चार प्रश्न विचारा. आठवड्यात पीटीचे किती तास आहेत आणि गेल्या महिन्यात किती झाले? त्या तासाला मुली काय करत होत्या? निदेशक किंवा क्रीडाशिक्षक आहे का, नसेल तर मागणी केली आहे का? खेळाच्या साहित्याच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे? शेवटचा प्रश्न साधा वाटेल, पण बऱ्याच शाळांत साहित्य असते आणि किल्ली सापडत नसते.

आपल्या समाजात शिक्षणाबद्दल आता जागृती आली आहे. मुलींची शाळा सुटू नये म्हणून आपण घरोघर फिरलो, फी भरली, वसतिगृहे काढली. त्या मुली शाळेत आल्या, बाकावर बसल्या आणि पुस्तके वाचू लागल्या. आता त्यांना उठून धावू द्या. आठवड्याचे दोन-तीन तास, तेही त्यांच्या हक्काचे, ते त्यांना पूर्ण मिळाले पाहिजेत.