कागदाला त्याच्या नावाने हाक मारा

मागच्या आठवड्यात केनवडहून एका मुलीचा फोन आला. बी.फार्मच्या पहिल्या वर्षाला आहे, जिल्ह्याबाहेरच्या एका कॉलेजात. तिचं नाव आम्ही छापणार नाही, कॉलेजचंही नाही. प्रश्न साधा होता. "मुलींची फी माफ झाली म्हणतात सगळे. मग मला पूर्ण फी काहून मागतात?"

तिच्याकडे पुरावा होता. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो, कुठल्याशा शासन निर्णयाच्या पहिल्या पानाचा, तोही तिरपा आणि अर्धा कापलेला. तो तिने कॉलेजच्या खिडकीवर दाखवला. खिडकीतल्या बाबूंनी न बघताच सांगितलं, "ताई, असले कागद रोज येतात." खरं सांगायचं तर यात बाबूंची फार चूक नाही. असले कागद खरंच रोज येतात आणि त्यातले बरेच खोटे असतात.

मग तिने तेच केलं जे आपण सगळे करतो. मोबाइलवर टाइप केलं: मुलींची फी माफी जीआर. आले काय तर लाल बाण काढलेले व्हिडिओ आणि 'संपूर्ण माहिती मराठीत' असं लिहिलेली पानं, ज्यांत माहिती सोडून सगळं होतं. राज्य सरकारच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर जाऊनही तिने तेच शब्द टाकले. तिथे शून्य.

शून्य येणारच होतं. कारण त्या कागदात 'फी' नाही आणि 'माफी'ही नाही. त्यात आहे 'शिक्षण शुल्क', 'परीक्षा शुल्क' आणि 'लाभ'. आपण आपल्या बोलीत शोधत राहतो आणि कागद त्याच्या बोलीत लिहिलेला असतो. सरकारी कागद शोधण्याची सगळी गोम इथेच आहे. कागद ज्याने लिहिला त्याने, ज्या काळात लिहिला त्या काळात, जो शब्द वापरला तोच शब्द आपल्याला टाकावा लागतो.

आम्ही फोनवरच तिला परत शोधायला लावलं, पण उलट्या क्रमाने. शब्द शेवटी. आधी विभाग: फार्मसीची फी म्हणजे उच्च व तंत्र शिक्षण विभाग. मग तारीख. नेमकी तारीख कुणाला पाठ असते? पण बातमी आठवते. मंत्रिमंडळाने हा निर्णय जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात घेतला होता, आणि मंत्रिमंडळात ठरलेल्या गोष्टीचा शासन निर्णय त्यानंतर निघतो, आधी नाही. म्हणून १ जुलै ते ३१ जुलै २०२४. एवढ्यावरच यादी इतकी आखूड झाली की बोटाने खाली सरकवत वाचता आली. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय समोर आला. शब्द टाकायची वेळच आली नाही.

सापडला म्हणजे झालं असं मात्र नाही. पूर्ण वाचावा लागतो. आमच्या मते शोधण्यापेक्षा हा भाग अवघड, कारण यात आपल्याला नको असलेलंही सापडतं. हा निर्णय आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींसाठी आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेश यातून वगळलेत. आणि लाभ मिळतो तो शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा. हॉस्टेल, मेस यात येत नाही. म्हणजे 'सगळं फुकट' म्हणणारा व्हिडिओही चूक आणि 'काहीच नाही' म्हणणारी खिडकीही चूक. या मुलीचा प्रवेश कॅपमधून झालाय, ती ओबीसी आहे. तिचा हक्क बनतो.

आता बाबूंचा प्रश्न: हा कागद खरा कशावरून? त्याचं उत्तर कागदाच्या शेवटीच असतं. अलीकडच्या प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य येतं, की हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. हा संकेतांक १८ आकडी असतो. पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. हाच आकडा संकेतस्थळावर टाकला की तोच कागद उघडतो. नाही उघडला तर फॉरवर्ड करणाऱ्याला विचारा की बाबा, आणलास कुठून. फोटोत नेमकं शेवटचं पान नसतं, हा योगायोग समजू नका. आणि अठरापैकी पहिले आठ आकडे वर छापलेल्या तारखेशी जुळत नसतील तर तिथेच थांबा.

पहिल्या पानावर वरच्या बाजूला 'वाचा' किंवा 'संदर्भ' असं लिहून जुन्या निर्णयांची यादी दिलेली असते. आपण ती नेहमी ओलांडून जातो. खरं तर शोधणाऱ्यासाठी तीच सोन्याची खाण. एक कागद सापडला की त्याच्या मागचे पाच सापडतात. पुढचे मात्र सापडत नाहीत, ते आपल्याला बघावे लागतात. नंतर शुद्धिपत्रक निघालं का? एखाद्या नव्या निर्णयाने हा 'अधिक्रमित' केला का? हा शब्द पाठ करून ठेवा. अधिक्रमित म्हणजे तुमच्या हातातला कागद खरा आहे, पण आता चालत नाही.

शुद्धलेखनाचाही एक छळ आहे. व्याकरणाने 'वसतिगृह' बरोबर, पण कागदात 'वसतीगृह'ही सापडतं. आपल्या जिल्ह्याचंच बघा ना: कुठे 'वाशिम', कुठे 'वाशीम'. माणसाला फरक पडत नाही, यंत्राला पडतो. दोन्ही टाकून बघायचं. मराठीचे मास्तर रागावतील, पण अशुद्ध शब्द टाकूनही शोधायचं.

फीचं काम इथवर आलं तेव्हा मुलगी म्हणाली, "अजून एक आहे." तिची जात वैधता बाकी होती. आणि इथे आम्हालाही जरा सरसावून बसावं लागलं.

ओबीसीसाठी मानीव दिनांक आहे १३ ऑक्टोबर १९६७. विमुक्त जाती, भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. त्या तारखेआधीचा, घरातल्या मोठ्या माणसाचा कागद शोधावा लागतो. शाळेचा दाखल-खारीज, कोतवाल बुकातली जन्माची नोंद, जमिनीचा जुना कागद, काहीही. तिच्या आजोबांचा जन्म १९४५ च्या आसपासचा. तिने जिथे जिथे ऑनलाइन शोधलं तिथे जिल्हा निवडला वाशीम, तालुका रिसोड, गाव केनवड. पुन्हा शून्य.

कारण १९६७ मध्ये वाशीम जिल्हा नव्हता. तो झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी आपण अकोला जिल्ह्यात होतो. रिसोडही तेव्हा तालुका नव्हता, हा भाग वाशीम तालुक्यात मोडायचा. आणखी मागे जा. १९०५ पर्यंत वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा, पुसदसकट. मग तो मोडला, पुसद यवतमाळकडे गेलं, उरलेला भाग अकोल्याकडे. आणि राज्य? १९४५ ला जन्मलेलं मूल मध्य प्रांत व वऱ्हाडात जन्मलं. १९५० मध्ये ते मध्य प्रदेशात गेलं, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. घर एक हात इकडचं तिकडे न होता चार राज्यं. मुलीने हे आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले म्हणे, "गाव तं तेथंच हाय, मंग आपून कोठं कोठं फिरून आलो बापा?"

म्हणून जुन्या कागदाला विचारायचा पहिला प्रश्न 'तू कुठे आहेस' हा नाही. 'तू लिहिला गेलास तेव्हा इथे राज्य कुणाचं होतं', हा आहे. कागद ज्या कचेरीने बनवला तिच्या नावाखाली तो लावलेला असतो, आज आपण जिथे राहतो त्या नावाखाली नाही.

इंग्रजी कागदांत शिरलात तर अजून गंमत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वर किंवा पुण्याच्या गोखले संस्थेतल्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात वऱ्हाडचे जुने कागद, गॅझेटियर, जनगणनेचे अहवाल आहेत. तिथे 'वाशीम' टाकाल तर हाती फार लागणार नाही. साहेबाच्या कागदात ते 'बासिम' आहे. 'वऱ्हाड' आहे 'बेरार'. नीट बघा, दोन्हीकडे आपल्या 'व'च्या जागी 'ब' आलाय, आणि वऱ्हाडातल्या 'ड'च्या जागी 'र'. ही खोड एकदा कळली की आपल्या गावाच्या नावाची तीन-चार रोमन रूपं स्वतःच बनवता येतात: केनवड डब्ल्यूने, व्हीने, बीने, शेवटी डी किंवा आर. वेडेपणा वाटतो, पण शोधणाऱ्याला एवढा वेडेपणा करावा लागतो. १८७० मध्ये ए. सी. लायल यांनी वऱ्हाडचं गॅझेटियर काढलं, त्याच्या नावात आधी 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' आहे, कारण कागदोपत्री हा मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा. तर अकोला जिल्ह्याचं १९१० चं गॅझेटियर मध्य प्रांताच्या मालिकेत आहे. चाळीस वर्षांत कपाटच बदललं.

माणसांच्या नावांचंही तेच. पंजाबराव देशमुख विदर्भातल्या कुठल्याही कॉलेजच्या पोरांना सांगावे लागत नाहीत. भाऊसाहेब संविधान सभेत होते, तिथल्या चर्चा ऑनलाइन वाचता येतात. पण 'पंजाबराव' टाकून शोधलंत तर वाटेल की भाऊसाहेब तोंडच उघडत नव्हते. इतिवृत्तात ते आहेत 'डॉ. पी. एस. देशमुख', कंसात सी. पी. अँड बेरार. तेवढं टाका, मग बघा किती बोललेत.

इथे थोडी तक्रार नोंदवायलाच हवी. हे सगळं पोरांनी शिकावं हे ठीक, पण सरकारचं काय? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये २००५ पासून लिहिलंय की प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून, नीट लावून, शक्य तितके संगणकावर आणावेत. संगणकावर आणलं म्हणजे काय, तर बऱ्याच ठिकाणी नुसता फोटो काढला. फोटोतली अक्षरं यंत्राला वाचता येत नाहीत, शोध-चौकटीत काहीही टाका. जुन्या पीडीएफ जुन्या फॉन्टमध्ये आहेत, त्यांतला मराठी मजकूर यंत्राला किडामुंगी दिसतो. संकेतस्थळ नवं केलं की जुन्या लिंका मरतात. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमुळे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा अनेक जिल्ह्यांनी जुनी रजिस्टरं स्कॅन करून गावनिहाय टाकली, मोडी वाचणारे शोधून आणले. म्हणजे मनात आणलं तर होतं. मग हे काम आंदोलनाची वाट न बघता का होऊ नये, आणि एकाच जातीच्या नोंदीपुरतं का? ज्या कागदावर एका मुलीचं कॉलेज अवलंबून आहे तो कागद सूची नसलेल्या गठ्ठ्यात पडून राहणं म्हणजे तो नसल्यातच जमा.

आणि कॉलेजांनीही ऐकावं. प्रोजेक्टसाठी गुगल करायला सगळे सांगतात. शासन निर्णय कसा शोधायचा, कसा वाचायचा, याचा एक तास प्रवेशाच्या आठवड्यात घेतला तर खिडकीवरची अर्धी भांडणं मिटतील. की ती मिटू नयेत असंच काहींना वाटतं, हा संशय आम्ही इथेच सोडतो.

ऑनलाइन नाहीच सापडलं तर? एका वहीत लिहा: कुठल्या साइटवर, कुठला शब्द, कुठला कालावधी टाकून बघितला. कंटाळा येतो, पण तिसऱ्या दिवशी तेच तेच परत शोधणं वाचतं. मग नकलेचा अर्ज, नाहीतर माहिती अधिकार. आपल्या राज्यात अर्जाचं शुल्क १० रुपये, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. अर्जात 'माझ्या आजोबांचे जुने कागद द्यावेत' असं लिहू नका. 'मौजे केनवड, तत्कालीन तालुका वाशीम, जिल्हा अकोला, अमुक ते अमुक सालातील गाव नमुना १४' असं लिहा. गाव नमुना १४ म्हणजेच आपलं कोतवाल बुक. आणि दुसऱ्या कुणाच्या घराची नोंद हाती लागली तर ती गावच्या ग्रुपवर टाकायची नाही, ज्याची त्याला नेऊन द्यायची.

त्या मुलीने शासन निर्णयाची शेवटच्या पानासकट प्रिंट काढली, संकेतांकाखाली पेनने रेघ मारली आणि खिडकीवर दिली. बाबूंनी या वेळी चष्मा लावला. "मोठ्या साहेबांना दाखवतो," म्हणाले. आजोबांच्या नोंदीसाठी रिसोड, वाशीम आणि अकोला, तीन ठिकाणी अर्ज गेलेत. रिसोडवाल्यांनी सांगितलं, जुनं रेकॉर्ड वाशीमला असेल. वाशीमचं उत्तर यायचं आहे.